उठाबशा, दुधीचा रस आणि हृदयाचे आडवळणी आजार

सातवी माळ होती. चोवीस वर्षांचा मुलगा दोन तास गरबा खेळला, गाणं थांबलं तसा वर्तुळातून बाहेर आला आणि पाण्याच्या पिंपापाशी कोसळला. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आला. कुणी लिंबूपाणी दिलं, कुणी कांदा हुंगवला, एका काकांनी खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी पुढे केली. आईने ती घेऊ दिली नाही, हे त्याचं नशीब. का, ते पुढे सांगतो. जवळच्या एका इस्पितळात ईसीजी काढला, ‘व्यायाम करणाऱ्यांचा असा येतो’ म्हणाले, सलाईन लावलं आणि पहाटे घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दवाखान्यात आला तो सर्दीच्या गोळ्या घ्यायला. चकरेचं आईने उठता उठता सांगितलं. मी विचारलं, नाचताना पडला की रांगेत उभा असताना? कारण या दोन चकरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उन्हात ताटकळत उभं राहून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम फुटून पडणारा तरुण बहुतेक वेळा निरोगी असतो. भर श्रमात किंवा श्रम थांबताक्षणी, काही कळायच्या आत पडणाऱ्याचं हृदय तपासल्याशिवाय त्याला घरी सोडू नये.

स्टेथोस्कोप लावला तर छातीत फुसफुस ऐकू आली. त्याला म्हटलं, उकिडवा बस. आवाज जवळजवळ गेला. म्हटलं, आता झटकन उभा राहा. आवाज दुप्पट. पुन्हा बस, पुन्हा ऊठ. आई म्हणाली, “डॉक्टर, त्याला शिक्षा कसली करताय?”

त्या उठाबशांनी निदानाची निम्मी वाट चालून झाली होती. उरलेली निम्मी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, पुरी केली: हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधली भिंत २१ मिलिमीटर जाड. ती साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असते. बीपी वगैरे दुसरं कारण नसताना १५ किंवा त्याहून जास्त भरली तर आजार धरतात. नाव लांबलचक आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. आपण ‘जाड भिंतीचा आजार’ म्हणू.

मी हृदयतज्ज्ञ नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. पण इतकी वर्षं बडोद्यात बसून एक गोष्ट पाहिली. छातीत काहीही झालं की आपल्याकडे दोनच शक्यता असतात, गॅस किंवा ब्लॉकेज. मराठी घर असो की गुजराती, यात भेद नाही. सोडा पिऊन ढेकर आली तर गॅस, नाही आली तर अँजिओग्राफी. आणि अँजिओग्राफी नॉर्मल आली की पेढे. अहो, पण अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या, आणि त्याही आतून. नळाची लाइन बघायला आलेल्या माणसाने ‘लाइन ठीक आहे’ म्हटलं, म्हणून घरातलं वायरिंग तपासून झालं असं आपण म्हणतो का? हृदयाचा स्नायू, त्यातला विजेचा प्रवाह, झडपा, बाहेरची पिशवी यांतलं कुठलंही बिघडू शकतं आणि नळ्या लख्ख राहू शकतात. यंत्राला जो प्रश्न विचाराल त्याचंच उत्तर ते देतं. आणि नेमका प्रश्न सापडतो तो पेशंटच्या कहाणीत, बहुधा त्याला जी सांगण्यासारखी वाटत नाही त्या भागात.

आता त्या मुलाकडे परत. जाड भिंतीने नेमकं होतं काय? आपल्या जुन्या पोळांमध्ये, म्हणजे गल्लीबोळांच्या वस्त्यांमध्ये, एखाद्याने ओटा पुढे घेतलेला असतो, तिथे गल्ली अरुंद होते. हृदयात ही भिंत रक्ताच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर अशीच पुढे येते. अरुंद जागेतून रक्त वेगाने निघतं, आणि त्या वेगाने शेजारच्या मायट्रल झडपेचा पडदा वाटेत ओढला जातो, वाऱ्याने दाराची फळी खेचली जावी तसा. आधीच निमुळती वाट आणखी बंद. हृदयात रक्त भरपूर असेल तर भिंती एकमेकींपासून लांब राहतात आणि वाट जरा मोकळी असते. रक्त कमी झालं की भिंती जवळ येतात. उकिडवं बसल्यावर पायांतलं रक्त वर ढकललं जातं आणि दाबही वाढतो, म्हणून आवाज कमी. उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं, म्हणून जास्त. गरबा थांबला तेव्हा हेच झालं. पायांचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबले, घामाने पाणी गेलेलं, हृदय मात्र अजून जोरात आकसत होतं.

जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. ज्याची वाट अशी अडलेली आहे त्याचं बीपी ती आणखी पाडू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तेच, आधीच कमी भरणारं हृदय त्या आणखी रिकामं करतात. दुसऱ्याची गोळी खिशातून काढून देणं हा आपल्याकडचा शेजारधर्म आहे, पण या आजारात तो अंगाशी येऊ शकतो.

इकोबद्दल एक सांगून ठेवतो. पेशंट निवांत पडलेला असताना वाट किती अडली आहे ते पुष्कळदा दिसतच नाही. त्याला जोर करायला लावून, उभं करून, जमलं तर चालवून मोजावं लागतं. या मुलाचा अडथळा झोपलेला असताना किरकोळ होता, जोर केल्यावर चौपट झाला. म्हणून इकोच्या चिठ्ठीवर नुसतं ‘इको’ न लिहिता ‘चक्कर, श्रमानंतर, फुसफुस उभं राहिल्यावर वाढते’ असं लिहून पाठवलं तर बघणारा बरोबर ठिकाणी बघतो.

उपचारांत पहिली येतात ती हृदयाचा जोर आणि गती कमी करणारी औषधं. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल ही जुनी, स्वस्त आणि बहुतेकांना पुरणारी. २०२२ मध्ये अमेरिकेत माव्हाकॅम्टेन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. ती स्नायूच्या आकसण्याच्या यंत्रणेवरच काम करते. पण जास्त झाली तर पंपच ढिला पडतो, म्हणून ती घेताना ठरावीक काळाने इको करत राहावा लागतो. औषधांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया करून पुढे आलेला भाग तासतात. नाहीतर मनगटातून किंवा मांडीतून नळी घालून त्या भागाला रक्त देणाऱ्या बारीक फांदीत थोडंसं शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढा तुकडा मरतो, आकसतो आणि वाट मोकळी होते. १९९४ मध्ये लंडनमध्ये उलरिख सिगवार्ट या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा केलं. दारूबंदीच्या गुजरातेत याला परमिट लागत नाही, हे मी पेशंटला आवर्जून सांगतो. तेवढाच ताण हलका होतो.

काहींच्या बाबतीत खरी भीती वेगळीच असते, हृदयाचा ठोका अचानक सैरभैर होऊन मृत्यू येण्याची. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, कारण न सापडलेली चक्कर, भिंत ३० मिलिमीटरपर्यंत पोचलेली, एमआरआयमध्ये स्नायूत बरेच वण, असं काही असेल तर छातीत आयसीडी बसवण्याचा विचार करतात. ठोका बिघडला की हे यंत्र आतूनच शॉक देतं. पेसमेकरचा थोरला भाऊ म्हणा.

हा आजार दुर्मिळ म्हणावा का? पाचशे प्रौढांमागे साधारण एक असा अंदाज आहे. बडोद्याची वस्ती वीसएक लाख धरली तर चार हजारांच्या घरात. बहुतेकांना काही त्रास नसतो, काहींना ‘वजनामुळे दम लागतो’ असं सांगितलेलं असतं. आणि हा आजार घरात चालतो. आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. आपल्या उपखंडात तर स्नायूच्या एका प्रथिनाच्या जीनमधला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणं शंभरात चार लोकांत आढळतं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. गळालेल्या सगळ्यांना रोग होतो असं मुळीच नाही, पण दक्षिण आशियाई माणसाच्या घरातल्या अशा मृत्यूंची चौकशी नीट करायला हवी एवढं त्यातून कळतं.

ही चौकशी करणं फार अवघड जातं. भावंडांचा इको करा म्हटलं की आवाज खाली जातो. “धाकटीचं बघताहोत, कागदावर काही नको.” मी वाद घालत नाही. इको आधी करा, कागद कुठे ठेवायचा ते मग ठरवू, एवढंच म्हणतो.

जाड भिंत म्हटली की दुसरे एक पेशंट आठवतात. रिफायनरीतून निवृत्त, चौऱ्याहत्तरीचे, दांडिया बाजारातले काका. वीस वर्षांचं त्यांचं बीपी हळूहळू उतरत गेलं. आधी एक गोळी बंद केली, मग दुसरी. काका कामाठीबागेत ज्याला त्याला सांगत सुटले की हा रोजच्या दुधीच्या रसाचा प्रताप. मीही तेव्हा खूश झालो होतो, आणि ते मला अजून डाचतं. म्हाताऱ्या माणसाचं जुनं बीपी विनाकारण बरं होत नसतं. मग पाय सुजले, जिना चढताना दम लागू लागला. अँजिओग्राफीत किरकोळ काहीतरी निघालं. इकोत भिंत १६ मिलिमीटर.

इथे मात्र ईसीजीने घोळ घातला, किंवा खरं तर सोडवला. स्नायू जाड असेल तर ईसीजीतल्या लाटा उंच यायला हव्यात. काकांच्या लाटा बुटक्या होत्या. भिंत जाड आणि वीज कमी, याचा अर्थ जाडी स्नायूची नाही. स्नायूंच्या पेशींच्या मधल्या जागेत भलतंच काहीतरी येऊन बसलंय, ज्यातून वीज निघत नाही. ते भलतं म्हणजे अमायलॉइड, घडी बिघडलेल्या प्रथिनाचे तंतू. हृदय ताठर होतं. नवाकोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, तसं त्याला रक्त भरून घेणंच जड जातं. आकसण्याचा आकडा सुरुवातीला बरा असतो, म्हणून रिपोर्टवर ‘पंपिंग चांगलं’ असंही लिहून येतं.

मग तज्ज्ञांनी काकांना विचारलं, हातांना कधी मुंग्या यायच्या का? काका चकित. आठ वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झाली होती. हाताचं हृदयवाल्यांना कशाला सांगायचं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. हेच प्रथिन मनगटातल्या बोगद्यात आधी साठतं, हृदयाची लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. पुरुष, वय साठीपुढे, दोन्ही हातांचं कार्पल टनेल आणि आता दम, या चार गोष्टी एका कागदावर आल्या तर पाचवीला अमायलॉइड लिहून बघावं.

याचे मुख्य दोन प्रकार, आणि त्यांत गल्लत परवडत नाही. एकात अस्थिमज्जेतल्या पेशी वेडंवाकडं प्रथिन बनवतात. तो खरं म्हणजे रक्ताचा आजार, त्याला केमोथेरपीसारखे उपचार लागतात आणि त्यात उशीर महागात पडतो. म्हणून आधी रक्त आणि लघवीत ती प्रथिनं शोधतात. ती नसतील तर दुसरा प्रकार. त्यातलं प्रथिन यकृतात बनतं, ट्रान्सथायरेटिन त्याचं नाव. हा म्हातारपणी आपसूक होतो किंवा क्वचित घराण्यातून येतो. तो ओळखण्याची गंमत अशी की त्यासाठी हाडांचा स्कॅन करतात. हाडांसाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध हाडांबरोबर हृदयातही जाऊन बसतं, आणि पडद्यावर छातीत हृदय लखलखतं. रक्ताची बाजू स्वच्छ असेल तर हृदयाचा तुकडा काढून तपासायची गरज बहुधा उरत नाही.

टाफामिडिस नावाचं औषध ते प्रथिन सुटं होऊ देत नाही. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत हृदयाच्या या आजारासाठी मान्यता मिळाली. साठलेलं ते काढत नाही, पुढची भर मंदावतं. म्हणून लवकर सापडण्याला किंमत. औषधाची स्वतःची किंमत मात्र सामान्य घराला पेलणारी नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं. काकांची पायांची सूज लघवीच्या गोळ्यांवर आटोक्यात आहे, बेताबेताने, कारण जास्त झालं की चक्कर येते. गती कमी करणारी नेहमीची औषधंही अशा ताठर हृदयाला झेपत नाहीत. प्रत्येक ठोक्याला रक्त थोडंच निघतं, तेव्हा ठोके कमी करून चालत नाही. पहिल्या पेशंटला जे औषध तारतं ते दुसऱ्याला बुडवू शकतं. इकोवर दोघांच्याही भिंती जाडच. दुधीचा रस काकांनी सोडलेला नाही.

भारतात आडवळणी हृदयरोगांच्या मागे टीबी अनेकदा लपलेला असतो. पादऱ्याकडचे एक शेतकरी वर्षभर लिव्हरचा इलाज घेत होते. पोटात पाणी, हातापायांच्या काड्या, दारूला शिवलेले नाहीत, तरी गावभर बदनाम. मानेच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या, त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. लिव्हरच्या जलोदरात मान सहसा अशी फुगत नाही. मान फुगली म्हणजे पाणी हृदयापाशी तुंबलंय. एक्स-रेत हृदयाभोवती कॅल्शियमची पांढरी कड दिसली. जुन्या टीबीने हृदयाची पिशवी घट्ट होऊन नारळाच्या करवंटीसारखी झाली होती आणि आतल्या हृदयाला फुलायला जागा नव्हती. ही करवंटी शस्त्रक्रियेने सोलून काढतात. ऑपरेशन मोठं आणि जोखमीचं, पण जमलं तर माणूस शेतात परत जातो. ते गेले.

टीबीसारखाच दिसणारा आणि टीबी नसलेला एक आजार आहे, सारकॉइडोसिस. त्यात शरीराच्याच पेशींच्या गाठी होतात, कधी फुप्फुसात, कधी हृदयाच्या वायरिंगवर. चाळिशीतल्या एक बाई ठोके ४० वर आले म्हणून माझ्याकडून गेल्या आणि पेसमेकर घेऊन आल्या. ठोके सुधारले, पण हे का झालं ते कुणी विचारलं नाही. साठीच्या आत हृदयाचं वायरिंग असं तुटलं तर कारण शोधलंच पाहिजे. वर्षभराने ठोका वेगाने बिघडला तेव्हा पेट स्कॅन झाला. या स्कॅनच्या आदल्या दिवशी साखर-पिष्ट पूर्ण वर्ज्य. भात नाही, पोळी नाही, फळ नाही. पनीर, अंडी, तूप चालतं, आणि मग लांबलचक उपास. कारण निरोगी स्नायूला साखर मिळाली की तो तीच खातो आणि सगळं हृदय चमकतं. साखर तोडली की तो चरबीवर भागवतो आणि सुजलेला भागच तेवढा साखर ओढून उठून दिसतो. जिथे आमटीतही गूळ पडतो त्या गावात हे पथ्य सांगणं म्हणजे दिव्यच. बाईंनी पहिल्या वेळी चहात साखर घेतली आणि स्कॅन वाया गेला.

स्कॅनमध्ये छातीतल्या गाठीही चमकल्या. टीबीच्याही अशाच चमकतात. तेव्हा गाठीचा तुकडा काढून, जंतू शोधून, मगच औषध. सारकॉइडला स्टेरॉइड लागतं. टीबीवर नुसतं स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल. उलट सारकॉइडला टीबीची औषधं महिनोन् महिने दिलेले पेशंटही मी पाहिलेत.

बाळंतिणीबद्दल थोडं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचेक महिन्यांपर्यंत हृदय अचानक ढिलं पडण्याचा एक आजार आहे. ओलं बाळंतपण, थकवा असायचाच, असं सासर-माहेर दोन्हीकडचं म्हणणं. थकवा असतो हे खरं. पण आडवं पडल्यावर श्वास कोंडतो, उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागतं, पायांची सूज उतरायच्या ऐवजी चढते, हे डिंकाच्या लाडवांनी भरून निघणारं अशक्तपण नव्हे. त्याच दिवशी इको. वेळेत औषधं मिळाली तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय पूर्ववत होतं. पुढच्या बाळाचा विचार मात्र हृदयतज्ज्ञाला विचारूनच.

टाकोत्सुबोबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ येतं, त्यामुळे थोडक्यात. मोठा धक्का, बहुधा पन्नाशीपुढची स्त्री, हुबेहूब हार्ट अटॅकसारखा ईसीजी, हृदयाला इजा झाली की रक्तात चढणारं ट्रोपोनिनही वाढलेलं, पण नळ्या मोकळ्या आणि हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं. जपानी डॉक्टरांना त्यात ऑक्टोपस पकडायचं मडकं दिसलं, म्हणून हे नाव, १९९० चं. काही आठवड्यांत बहुतेकींचं हृदय सावरतं. पण ‘मनाला लावून घेतलं’ म्हणून घरी बसवू नका. पहिले काही दिवस धोक्याचे असतात, आणि तो अटॅक नाही हे अँजिओग्राफीशिवाय कळत नाही.

आणि ब्रुगाडा. १९९२ मध्ये ब्रुगाडा आडनावाच्या दोन भावांनी वर्णन केलेला हा विजेचा बिघाड. हृदय दिसायला ठणठणीत, इको नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. खूण फक्त ईसीजीच्या छातीवरच्या पहिल्या दोन पट्ट्यांत, तीही रोज दिसेलच असं नाही. ताप आला की उठून दिसते. यात मृत्यू बहुधा झोपेत येतो. ज्यांना हा आहे त्यांनी ताप अंगावर काढायचा नसतो, आणि काही औषधं त्यांना वर्ज्य असतात.

एवढं सगळं वाचून घाबरलात तर निदान एक काम करा. जुने ईसीजी शोधा. पाच वर्षांपूर्वीचा साधा ईसीजी शेजारी ठेवायला मिळाला तर तज्ज्ञाचं काम कितीतरी सोपं होतं. पण तो कागद थर्मल असतो, दोन-तीन उन्हाळ्यांत उडून जातो. आजच फोटो काढा किंवा झेरॉक्स करा. लॅमिनेट करू नका. उष्णतेने पूर्ण काळा होतो. एका आजोबांनी आयुष्यभराचे सगळे ईसीजी मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून आणले होते, काळ्या पाट्यांचा गठ्ठा. कुणी चक्कर येऊन पडलं आणि श्वास, नाडी चालू असेल तर मदत करता करता दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, आणि तो नंतर डॉक्टरांना दाखवा.

तर तो गरब्याचा मुलगा. गोळ्या सुरू झाल्या, एमआरआय झाला, आयसीडीची बोलणी चालू आहेत. पुढच्या नवरात्रात खेळायचं का, हा त्याचा पहिला प्रश्न. पूर्वी सरसकट बंदी घालायचे, आता मोजूनमापून, तज्ज्ञांशी बोलून हलक्या-मध्यम व्यायामाला बऱ्याच जणांना मोकळीक देतात. दोन तास झपाट्याने खेळणं त्यात बसत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

घरात कुणी तरुणपणी गेलं होतं का, हे मी आईला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला, औषधांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाल्या, “याचा मामा अडतिसाव्या वर्षी गेला, पण त्याला गॅस झाला होता. रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही.” मग जरा थांबून, “मलाही पावागढ चढवत नाही. लग्न झाल्यापासून रोपवेनेच जाते. वजनामुळे असेल ना?”

मी स्टेथोस्कोप कानाला लावला. बाई खुर्चीवरून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “मलाही उठाबशा?”